मिटल्या डोळ्यांनी बस्ता

सांगोल्याकडच्या त्या मंडळींचा बस्ता मोडला तो माझ्यामुळे, असं शेठ म्हणाले. लग्न काही मोडलं नाही, ते थाटात झालं असणार. साड्या फक्त समोरच्या दुकानातून गेल्या. पण नवी पेठेत आपल्या गादीवर बसलेलं गिऱ्हाईक उठून समोर जाणं म्हणजे काय, ते जो तिथे आयुष्यभर साड्या उलगडत बसलाय त्यालाच विचारा. मला विचारा.

मी केस काळे होते तेव्हापासून या दुकानात सेल्समन आहे. लग्नाचा बस्ता आला की शेठ मलाच बसवायचे. टेम्पो भरून माणसं येतात, दोन्हीकडचे मामा, चुलते, आत्या, त्यांची लेकरं. नवरीपेक्षा बाकीच्यांचीच मतं जास्त. ते सगळं झेलायला तोंड गोड लागतं आणि डोकं थंड. माझं डोकं मुळातच तापट, पण गादीवर बसलं की थंड व्हायचं. हे देवाचं देणं म्हणतात तसलं काही नाही, सवयीचं आहे.

त्या दिवशी नवरीचा मामा साड्यांकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता. बस्त्याला असा एक माणूस असतोच. बायका माल बघतात, हा सेल्समन बघतो. मी एक शालू उलगडला, पदर पसरला, आणि माझे डोळे मिटले. मिटले म्हणजे गच्च मिटले, साबण गेल्यासारखे. मी उघडायला बघतोय आणि ते उघडत नाहीत. मामा भाचीच्या कानाला लागला, पण आवाज रानातला, सगळ्यांना ऐकू आला. "ही नको गं. दादांनी डोळं मिटलं बघ."

दुसरा उलगडला. परत तेच. "ही बी नको."

असं तीन-चारदा झालं, आणि नेमके मधल्या किमतीचे शालू मागे पडत गेले. नवरीकडचे म्हणायला लागले, जरा भारीतलं दाखवा की. शालूचे पैसे द्यायचे होते नवऱ्याकडच्यांनी. त्यांचा चुलता ताडकन उठला.

"ओ सेल्समन, तुमी दुकानाचं मानूस हाय का त्यांच्या सोयऱ्यातलं?"

"का हो, काय झालं?"

"खुणा करताय नव्हं! आमी मेंढरं इकणारी मानसं हाय. रुमालाखाली बोटं दाबून भाव करतो आमी बाजारात. आमाला खुणा कळत न्हाईत व्हय?"

काय सांगणार त्याला? एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघायला लागली, आणि कुणी बघायला लागलं की ते दुखणं दुप्पट होतं. मी "नाही हो, नाही हो" म्हणतोय आणि डोळे मिटलेले. खोटं बोलणारा माणूस याहून वेगळा दिसत नसेल. उघडले तेव्हा गादीवर साड्यांचा ढीग होता आणि माणसं जिन्यावरून उतरत होती.

संध्याकाळी शेठ म्हणाले, "थोडे दिवस वर गोदाम बघा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर मीही चढवला असता आणि बरं वाटलं असतं.

मला गादी गेल्याचं दुःख एका कारणासाठी होतं. माझी एकुलती एक मुलगी लग्नाची होती. तिचा बस्ता याच गादीवर, माझ्या हातानं दाखवायचा, हे मी ती पाळण्यात असल्यापासून धरून बसलो होतो. आमच्या धंद्यात तो मान असतो. जगाच्या लेकींना नेसवायचं आणि आपल्या लेकीच्या वेळी गोदामात बसायचं?

हे सुरू कसं झालं ते मला नीट सांगता येत नाही, कारण ते एका दिवशी सुरू झालं नाही. आधी डोळ्यांत कचरा गेल्यासारखं वाटायचं. मग उघडझाप वाढली. दुकानात नवे पांढरे दिवे बसवले होते, खाली गादीवर पांढरी चादर, वर पांढरा उजेड. मला तो उजेड टोचायचा. बायको म्हणायची, सारखे डोळे काय मिचकावताय? मी म्हणायचो, तुझ्याकडे बघून. तेव्हा गंमत सुचत होती. मग मिचकावणं संपलं आणि मिटणं आलं. रस्ता ओलांडताना मध्येच मिटायचे. रिक्षावाला कर्कश हॉर्न वाजवून शिवी हासडून जायचा आणि मी भर रस्त्यात खांबासारखा उभा. गाडी चालवणं मी त्याच आठवड्यात सोडलं. किल्ली मुलीला देऊन टाकली आणि सांगितलं, पेट्रोल परवडत नाही.

शेजारीण म्हणाली, नजर लागलीय, मीठ-मोहऱ्या उतरवून टाका. आमच्या घरात तेवढीही सोय नाही. आम्ही बौद्ध, वडिलांनी असल्या गोष्टी उंबऱ्याबाहेर काढल्या त्या कायमच्या. ते बरोबरच केलं, पण दुसऱ्यांना निदान नजरेवर तरी ढकलता येतं. माझ्याकडे ढकलायला कुणी नव्हतं.

डोळ्याच्या डॉक्टरनं थेंब दिले. डोळे कोरडे आहेत म्हणाला. थेंब घालायला डोळा उघडावा लागतो, ते कसं करायचं ते नाही सांगितलं. गल्लीतल्या डॉक्टरनं नाडी बघितली, रक्तदाब बघितला आणि म्हणाला, "टेन्शन घेऊ नका." हे वाक्य मी नंतर इतक्या लोकांकडून ऐकलं की ऐकूनच टेन्शन यायचं. मेहुणा म्हणाला, पाहुणे म्हणाले, पानवाला म्हणाला. जणू मी मंगळवार बाजारातून पिशवी भरून टेन्शन आणतो!

एक गोष्ट मात्र मला सापडली होती. मी बोलत राहिलो की डोळे उघडे राहायचे. का, ते तेव्हा माहीत नव्हतं. गप्प बसलो की मिटलेच. म्हणून मी बोलायला लागलो. पाण्याच्या टँकरवर बोलायचो, कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर बोलायचो, उन्हावर तर सोलापुरात कितीही बोलता येतं. रिक्षात बसलो की उतरेपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. लोक म्हणायचे, काय खुशीत आहात हल्ली! मी खुशीत नव्हतो. बोलणं थांबलं की अंधार होणार, या भीतीनं मी बोलत होतो. दिवस संपेपर्यंत जबडा दुखायचा, आणि घरी आलं की बायकोशी बोलायला एक शब्द उरायचा नाही. ती बिचारी म्हणायची, जगाशी बोलता, माझ्याशीच काय वाकडं आहे?

वर गोदामात अंधार होता. एक मिणमिणता दिवा, साड्यांच्या थप्प्या, नव्या कापडाचा वास. पहिल्या दिवशी तिथे बसलो आणि डोळे उघडेच राहिले. केवढं बरं वाटलं! कुणी बघत नाही, कुणाशी बोलायचं नाही. खालून माल मागितला की घड्या खाली सोडायच्या. मला वाटलं, सुटलो.

सुटलो नव्हतो. काही दिवसांनी मला जेवायलाही खाली उतरावंसं वाटेना. मग डबा वरच खायला लागलो. विहारात रविवारी जायचो ते बंद केलं, लग्नांना जाणं बंद केलं, सख्ख्या भावाच्या नव्या घराचं जेवण होतं तिथे पोटाचं निमित्त सांगितलं. खाली कुणी हसलं की वाटायचं मलाच हसले. दुकानात बायका हसणारच की, साड्या घ्यायला येतात, रडायला थोड्याच येतात. हे कळायचं, तरी कान तिकडेच लागायचे. बसवत नव्हतं, उभं राहवत नव्हतं. एकच थप्पी लावायची, मोडायची, परत लावायची. झोपेत हे दुखणं नसतं, झोपेत पापण्या शहाण्यासारख्या वागतात. म्हणून सकाळी जाग आली की मला वाईट वाटायचं. जाग आली नसती तर बरं झालं असतं, असंही वाटायचं. हे मी कुणाला सांगितलं नाही. आज लिहितोय, कारण दुसऱ्या कुणाला तसं वाटत असेल तर त्यानं माझ्यासारखं गप्प बसू नये.

अशात मुलीला स्थळ आलं. मुलगा कुर्डुवाडीचा, रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला. आमच्यातलाच, निर्व्यसनी, आईनं एकटीनं वाढवलेला. बघायला येणार म्हटल्यावर मी काळा चष्मा आणला आणि सांगितलं, डोळे आलेत. हे नामी होतं! डोळे आलेल्या माणसाकडे कुणी टक लावून बघत नाही, उलट लांब सरकून बसतात. मुलाची आई तर खुर्ची उचलून दाराशी गेली.

पुढच्या वेळी आम्ही कुर्डुवाडीला गेलो. परत चष्मा, परत डोळे आलेत. साखरपुड्याला तिसऱ्यांदा. विहीणबाईंनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं. माझ्या मनात मात्र पुढचं सगळं तयार होतं: यांना कळणार, या म्हणणार बाप भ्रमिष्ट आहे, उद्या पोरीला झालं तर, नातवाला झालं तर. माझ्या पापण्यांपायी लेकीचं लग्न मोडणार. गोदामात बसून मी ते लग्न रोज मोडायचो.

बायकोनं एके दिवशी साडी बदलली आणि म्हणाली, "चला."

"कुठं?"

"मनाच्या डॉक्टरकडं. नंबर लावलाय."

"मी काय वेडा आहे?"

"नाही. पण मी होईन आता. उठा की."

मी शिव्या घालत गेलो. तो डॉक्टर वयानं माझ्या भाच्याएवढा. त्यानं खोलीतला मोठा दिवा आधी बंद केला आणि मग बोलायला लागला, तिथेच माझा अर्धा राग गेला. माझं सगळं ऐकून त्यानं विचारलं, "आधी डोळे मिटायला लागले की आधी मन बिघडलं?"

"डोळे."

"मग सगळं खापर मनावर का फोडता?"

मला बोलायला काही सुचलं नाही, आणि अर्थात डोळे मिटले. त्यानं तसंच सांगितलं, मिटलेल्या डोळ्यांना. म्हणाला, हा पापण्यांच्या स्नायूंचा आजार आहे. मेंदूकडून त्यांना चुकीचा हुकूम जातो आणि ते आवळतात. तुम्ही मुद्दाम करत नाही, आणि हे वेड नाही. बोलल्यावर उघडतात ते नाटक नाही, या आजारात पुष्कळांना असं काहीतरी सापडतं. पण चार माणसांत तोंड दाखवायची चोरी झाली की माणसाला भीती धरते, उदासी धरते, ती पण खरीच असते. तुम्हाला ती धरलीय. दोन्हीला औषध करू.

माझ्या आजाराला नाव आहे म्हटल्यावर मी बाहेर येऊन रडलो. बायको रिक्षा थांबवत होती, तिला वाटलं डोळेच मिटलेत. तिनं हात धरून मला रिक्षात बसवलं.

रोजच्या गोळ्या सुरू झाल्या. मेंदूच्या डॉक्टरकडे पाठवलं, त्यानं पापण्यांच्या भोवती बारीक सुईनं इंजेक्शनं दिली. आठवड्याभरात डोळे बऱ्यापैकी उघडे राहायला लागले. डावी पापणी जरा ओघळली होती, पण त्याचं काय एवढं! मी शेठकडे गेलो आणि म्हणालो, मुलीचा बस्ता मी दाखवणार. शेठ म्हणाले, "तुम्हीच दाखवायचा, दुसरं कोण?" मी वर जाताना जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढलो.

आणि लग्नाचा हॉल मिळेना. तारीख पुढे गेली, बस्ताही पुढे गेला. त्या इंजेक्शनाचा असर काही महिन्यांनी उतरतो, हे डॉक्टरनं सांगितलंच होतं. बस्त्याचा दिवस ठरला तेव्हा तो उतरत आलेला आणि पुढचं मिळायला अजून वेळ. मी बायकोला म्हणालो, मी नाही येत. तिनं ते मुलीला सांगितलं. मुलगी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते, कामावरून येऊन पाय धुवत होती. तिथूनच म्हणाली, "मग मी पण नाही येत. साडी कुरिअरनं मागवू या." बापाचा तापटपणा तिनं पुरेपूर घेतलाय.

आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत असते. आता बघा. जगाच्या लेकींना मी लाल दाखवले, हिरवे दाखवले, डाळिंबी दाखवले, आणि माझ्या लेकीच्या वेळी दिव्याखाली पांढऱ्यावर पांढरं उलगडायचं, जे माझ्या डोळ्यांना अजिबात सोसत नाही. नशीब म्हणून काही नसतं असं आमचे वडील सांगायचे. त्या दिवशी मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटला.

मी गादीवर बसलो. मदतीला दुकानातला जुना जोडीदार बसला. समोर मुलगी, बायको, जावई, विहीणबाई, त्यांच्या दोन जावा. मी चष्मा घातला नव्हता. गादीवर काळा चष्मा घालून साडीचा रंग सांगणारा सेल्समन कुणी पाहिलाय? पहिली साडी उलगडली आणि बोलायला लागलो. हे रेशीम बघा, हा काठ बघा, हा पदर बघा. दुसरी, तिसरी. कुर्डुवाडीच्या गाड्यांवर बोललो, श्रीपूरकडच्या उसाच्या ट्रॅक्टरनं रस्ता कसा अडतो त्यावर बोललो. डोळे जेमतेम साथ देत होते. घाम पाठीवरून चालला होता.

मग बोलणं संपलं. खरंच संपलं, पुढचं वाक्यच येईना. सगळे साडीकडे बघत गप्प झाले होते, आणि त्या शांततेत माझे डोळे गच्च मिटले.

मी म्हणालो, "डोळे आलेत जरा."

विहीणबाई म्हणाल्या, "किती येळा येत्यात हो तुमचं डोळं?"

जावा हसल्या. माझे कान तापले. आता उठणार हे, आता जिन्यावर पावलं वाजणार, मी तेच ऐकत होतो. पावलं वाजली नाहीत. विहीणबाई म्हणाल्या, "आमाला म्हाईत हाय समदं. तुमच्या लेकीनं पयल्याच दिशी आत सैपाकघरात सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

"म्हनली, माज्या पप्पांचं डोळं मिटत्यात, आजार हाय त्यो. मनानं बी लई खचल्यात. लगीन झालं तरी त्यांना डॉक्टरकडं न्यायला मी येनार, कायम येनार. चालत आसंल तर पुढचं बोला, न्हाईतर च्या घ्या आन् निघा."

म्हणजे ज्या लग्नाला जपायला मी चष्मे लावले, थापा मारल्या, ते लग्न पोरीनं माझ्यासाठी पहिल्याच चहाला पणाला लावलं होतं. आणि मला राग आला. गहिवर नंतर आला, आधी रागच आला. मी मिटल्या डोळ्यांनीच तिच्यावर ओरडलो, "कुणाला विचारून सांगितलंस?"

"तुम्ही कुणाला विचारून लपवलंत?" ती म्हणाली.

जोडीदार खाली मान घालून घड्या घालत राहिला. जावई खोकला. मग कापड सळसळल्याचा आवाज आला आणि मुलगी म्हणाली, "मी खांद्यावर घेतलीय. बघा आणि सांगा."

"दिसत नाही मला."

"मग दिसेल तसं बघा. मी थांबते."

घरी मी न्हाणीघराची कडी लावून एक करायचो. दाढी करताना दोन बोटांनी पापणी वर धरायचो. ते फार घाण दिसतं, आतला लाल भाग बाहेर येतो. बायकोसमोरसुद्धा मी ते कधी केलं नव्हतं. त्या भर दुकानात, विहीणबाईंसमोर, जोडीदारासमोर, जिन्यावरून वर येणाऱ्या परक्या गिऱ्हाइकांसमोर मी दोन्ही हात वर नेले आणि दोन्ही पापण्या बोटांनी उचलून धरल्या. स्नायू बोटांशी झटत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, दिवे सुईसारखे टोचत होते. कुणी तोंड फिरवलं का, ते बघायला मला वेळ नव्हता.

समोर माझी मुलगी होती. पांढरी साडी, निळा काठ, खांद्यावरून पदर घेतलेला. ती हसत नव्हती, रडत नव्हती, फोटोला उभं राहतात तशी सरळ उभी होती, मला बघता यावं म्हणून. कितीतरी महिन्यांत मी तिच्याकडे नीट बघितलंच नव्हतं. ती नवरी झाली होती.

"हीच," मी जोडीदाराला म्हणालो. "बांध."

पण बोटं खाली घेतली नाहीत.